उसाच्या राखणीला आणलेला भेक

(वन्यजीव सप्ताहानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



‘घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे’ ही म्हण आपल्याकडे हसत हसत वापरली जाते. व्याह्याचे घोडे चार दिवस दाणावैरण खाईल आणि आपल्या वाटेने निघून जाईल, हे त्यात गृहीत असते. परंतु आलेले घोडे परत जावयास तयारच नसेल तर? ते दारातील कुत्र्याच्या जिवावर उठेल, त्याची प्रजा गावोगाव पसरेल आणि नव्वद वर्षे झाली तरी त्याला बांध घालता येणार नाही, अशी स्थिती ओढवली तर? ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यावर १९३५ साली नेमका हा प्रसंग आला. फरक इतकाच की, तेथे घोड्याच्या जागी भेक होता आणि तो कोणी व्याह्याने धाडला नव्हता. यजमानांनीच त्याला मोठ्या आशेने बोलावून आणले होते.

बेडूक आणि भेक यांत बोलीभाषेत फारसा भेद केला जात नाही. ओलसर, गुळगुळीत कातडीचा, लांब उडी मारणारा तो बेडूक. कोरड्या, खरखरीत, चामखिळींनी भरलेल्या कातडीचा, आखूड पायांनी हळूहळू सरकणारा तो भेक. पावसाळ्यात दिव्याखाली, न्हाणीघराच्या कोपऱ्यात अथवा कुंड्यांच्या आडोशाला बसलेला जो बोजड प्राणी महाराष्ट्रातील घरोघरी दिसतो, तो बहुधा भेकच असतो. ऑस्ट्रेलियात नेलेला भेक त्याचा अमेरिकेतील दूरचा आप्त होय. मध्य व दक्षिण अमेरिका हे त्याचे मूळ निवासस्थान. उसाच्या निमित्ताने तो जगभर फिरला, म्हणून इंग्रजी भाषेत त्याला ‘केन टोड’, म्हणजे उसातला भेक, हे नाव पडले. सामान्यतः तो दहा ते पंधरा सेंटिमीटर लांब असतो; तथापि २०२३ च्या जानेवारीत क्वीन्सलंडमधील कॉनवे राष्ट्रीय उद्यानात २.७ किलोग्रॅम वजनाची मादी सापडली, तेव्हा वनरक्षकांचाही आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

हुमणीवरचा इलाज

या कथेचा आरंभ महाराष्ट्रातील ऊस उत्पादकाला चांगल्याच परिचित असलेल्या एका किडीपासून होतो. वळवाच्या पहिल्या पावसानंतर जमिनीतून भुंगेरे बाहेर पडतात, कडुनिंबाच्या आणि बाभळीच्या पाल्यावर जमतात, पुन्हा जमिनीत अंडी घालतात आणि त्यांतून निघालेली हुमणी उसाची मुळे कुरतडते. वरून हिरवागार दिसणारा ऊस हळूहळू पिवळा पडतो आणि हाताने ओढला तरी उपटून येतो. क्वीन्सलंडच्या ऊसपट्ट्यातही हुमणीच्याच जातकुळीतील किडीने असाच उच्छाद मांडला होता. शेतकरी हवालदिल झाले होते आणि साखर उद्योग उपायाच्या शोधात होता.

त्याच सुमारास पोर्टो रिको बेटावरून एक आशादायक वार्ता आली. तेथे १९२० च्या दशकात उसाच्या मळ्यांत भेक सोडण्यात आले होते. ते भेक किडी खातात, असा निष्कर्ष १९३२ साली तेथे भरलेल्या ऊस तंत्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडण्यात आला. त्याच वर्षी हवाई बेटांनी हे भेक आणविले. १९३५ च्या जूनमध्ये क्वीन्सलंडच्या ऊस संशोधन विभागातील रेजिनाल्ड मंगोमेरी यांनी हवाईहून शंभराच्या आसपास भेक आणून केर्न्सजवळील गॉर्डनव्हेल येथे ठेवले. त्यांची पैदास झाली आणि ऑगस्टमध्ये सुमारे २,४०० भेकपिले परिसरात सोडण्यात आली.

निवृत्त कीटकशास्त्रज्ञ वॉल्टर फ्रॉगट यांनी या प्रयोगाला विरोध केला. सशांप्रमाणे हा प्राणीही देशाला त्रासदायक ठरेल, अशी त्यांची भीती होती. युरोपातून आणलेल्या सशांनी ऑस्ट्रेलियाची कुरणे कशी उद्ध्वस्त केली, हे त्या देशाने नुकतेच अनुभवले होते. केंद्र शासनाने काही काळ भेक सोडण्यास बंदीही घातली. परंतु ऊसपट्ट्यातून दबाव आला आणि १९३६ मध्ये बंदी उठविण्यात आली. भेक पुन्हा सोडले जाऊ लागले.

आता या इलाजाचा हिशेब पाहू. भुंगेरे उंच झाडांच्या पाल्यावर राहतात, तर भेकाला झाडावर चढता येत नाही. अळी जमिनीच्या पोटात राहते, तर भेकाला जमीन उकरून ती काढता येत नाही. कोवळ्या उसाच्या उघड्या शेतात दिवसा दडण्यास सावली नसते, म्हणून तो शेतात टिकतही नाही. ज्या किडीसाठी त्याला आणले, तिची आणि त्याची गाठ क्वचितच पडे. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात बी.एच.सी. हे कीटकनाशक हाती आले, तेव्हा हुमणी आटोक्यात आली. त्या औषधाचे दुष्परिणाम पुढे उघडकीस आले, ही गोष्ट वेगळी. भेकाचा मात्र त्या यशात काडीचाही वाटा नव्हता.

शेतातून अंगणात

शेतात पोट भरेना म्हणून भेकाने माणसाच्या घराचा आश्रय घेतला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. घराभोवती त्याला हवे ते सर्व मिळते. व्हरांड्यातील दिव्याभोवती किडे जमतात. ते खाली पडले की आयती मेजवानी होते. बागेला पाणी दिलेले असल्याने गारवा असतो. रचून ठेवलेली लाकडे, पत्रे, कुंड्या यांखाली दिवसा दडण्याची सोय होते. त्यातून हा प्राणी खाण्याच्या बाबतीत मुळीच चोखंदळ नाही. बहुतेक बेडूक हलणारे भक्ष्यच टिपतात. हा भेक मात्र कुत्र्या-मांजरांसाठी भांड्यात काढून ठेवलेले अन्नही खातो आणि त्यांच्याच पाण्याच्या भांड्यात अंग भिजवीत बसतो.

त्याची प्रजननशक्तीही विलक्षण आहे. एक मादी एका वेळी आठ हजारांपासून तीस हजारांपर्यंत अंडी घालते. पाण्यात तरंगणाऱ्या लांब, पारदर्शक, काळ्या मण्यांच्या माळेसारखी ती दिसतात. अशा रीतीने वाढत जाऊन आज ऑस्ट्रेलियात या भेकांची संख्या वीस कोटींहून अधिक असावी, असा अंदाज केला जातो.

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील कथाही फार निराळी नाही. तेथेही उसातील किडींसाठी त्याला आणण्याचा प्रयत्न झाला होता. परंतु तो जेव्हा खरोखर स्थिरावला, त्यास प्राण्यांचा व्यापार कारणीभूत ठरला. १९५५ च्या सुमारास मायामी विमानतळावर एका आयातदाराकडील सुमारे शंभर भेक सुटले. आज दक्षिण व मध्य फ्लोरिडातील कालव्यांच्या कडेला, गोल्फच्या मैदानांवर आणि घरांच्या हिरवळीवर त्यांचे राज्य आहे. ब्रिस्बेन असो वा मायामी, पावसाळी संध्याकाळी कुत्र्याला अंगणात मोकळे सोडण्यापूर्वी गृहस्थ आधी दिवा फिरवून पाहतो. त्या दोन्ही ठिकाणी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही ही सवय लावून घ्यावी लागते.

डोळ्यांमागची विषग्रंथी

अशी दक्षता घेण्याचे कारण भेकाच्या शरीरातच आहे. त्याच्या डोळ्यांच्या मागे खांद्याकडे उतरणाऱ्या दोन फुगीर ग्रंथी असतात. त्याला दाबले अथवा चावले की त्यांतून दुधासारखा पांढरा, चिकट द्रव पाझरतो. हृदयरोगावर दिल्या जाणाऱ्या डिजिटॅलिस या औषधाप्रमाणेच या विषाचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो. औषध मात्रेत दिले तर तारते. येथे मात्रेचा प्रश्नच उरत नाही. भेक स्वतः होऊन कोणावर हल्ला करीत नाही, हे खरे. परंतु कुत्र्याचा स्वभावच असा की, जे सरपटते, उडते, हलते ते तोंडात धरून पाहावयाचे. लहान जातीचा कुत्रा असेल आणि विष पुष्कळ पोटात गेले असेल, तर उपचार न मिळाल्यास थोड्याच वेळात प्राण जाऊ शकतो.

विषबाधेची लक्षणे सहज ओळखता येण्याजोगी आहेत. प्रथम तोंडातून फेसाळ लाळ गळू लागते. कुत्रा पंजाने तोंड खाजवतो आणि डोके झटकतो. हिरड्या नेहमीच्या गुलाबी रंगाऐवजी लालभडक दिसतात. त्यानंतर उलट्या होतात, तोल जातो, बाधा तीव्र असल्यास झटके येतात आणि हृदयाची गती बिघडते.

अशा वेळी पहिली काही मिनिटे अत्यंत मोलाची असतात. भेक तोंडातून सोडविल्यावर ओल्या फडक्याने कुत्र्याची जीभ, हिरड्या आणि गालांची आतील बाजू पुसून काढावी. प्रत्येक वेळी फडके धुऊन घ्यावे, अन्यथा तेच विष पुन्हा चोळले जाते. नंतर कुत्र्याचे तोंड खाली झुकवून बाजूने नळाचे पाणी सोडावे. हे सुमारे दहा मिनिटे करावे. पाण्याचा झोत घशाच्या दिशेने कधीही सोडू नये. ते पाणी फुप्फुसांत जाऊन दुसरेच संकट ओढवते आणि तोंडातील विष पोटात ढकलले जाते. झटके येत असतील अथवा कुत्रा उभा राहू शकत नसेल, तर धुण्यात वेळ न दवडता त्याला पशुवैद्याकडे न्यावे. घरच्या माणसांनीही हातमोजे घालावेत, डोळे चोळू नयेत आणि सर्व आटोपल्यावर साबणाने हात स्वच्छ धुवावेत.

आपल्या अंगणातील देशी भेक आकाराने लहान असला, तरी त्याच्या कातडीतही विष असतेच. कुत्र्याने तो तोंडात धरल्यास हाच प्रथमोपचार येथेही लागू पडतो. ग्रामीण भागातील राखणीचे कुत्रे असो अथवा शहरातील लाडके पिलू असो, ही माहिती प्रत्येक घरात असणे इष्ट होय.

घराभोवतीची व्यवस्था

क्वीन्सलंड आणि फ्लोरिडातील रहिवाशांनी अनुभवातून शिकलेले उपाय साधे आणि बिनखर्चाचे आहेत. रात्री जनावरांची अन्नाची व पाण्याची भांडी उघड्यावर ठेवावयाची नाहीत. बाहेरील अनावश्यक दिवे मालवावयाचे. गवत कापून आखूड ठेवावयाचे, झुडुपांच्या खालच्या फांद्या छाटावयाच्या, बिळे व खड्डे बुजवावयाचे आणि अडगळ हलवावयाची. बागेतील तळ्याभोवती बारीक जाळीचे सुमारे अर्धा मीटर उंचीचे कुंपण घालून त्याची खालची कड मातीत पुरावयाची. भेकाला उंच उडी मारता येत नसल्याने एवढे कुंपण पुरेसे होते. पाण्यात अंड्यांच्या माळा दिसल्यास हातमोजे घालून त्या काढून कोरड्या जागी वाळत टाकावयाच्या. कुत्र्याला संध्याकाळनंतर, विशेषतः पाऊस पडून गेल्यावर, साखळीने बांधूनच फिरवावयाचे.

या सर्वांत एक खबरदारी मात्र विसरून चालत नाही, ती म्हणजे ओळख पटविण्याची. भेक समजून निरुपद्रवी देशी बेडूक मारले जाण्याचे प्रकार ऑस्ट्रेलियात वारंवार घडले. फ्लोरिडातही तेथील देशी भेक याच गैरसमजाला बळी पडतो. शत्रूचा नाश करण्याच्या उत्साहात आपल्याच माणसावर वार होऊ नये, हा युद्धाचा नियम येथेही पाळावा लागतो.

रानातील पोकळी

अंगणातील कुत्र्याला निदान पशुवैद्य तरी मिळतो. रानातील प्राण्याला कोण वाचविणार? भेक उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे सरकत गेला. प्रारंभी त्याचा वेग वर्षाला दहा किलोमीटरच्या आसपास होता. उत्तरेच्या उष्ण प्रदेशात तो पन्नास किलोमीटरच्या पुढे गेला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, आघाडीवर असलेल्या भेकांचे पाय मागे राहिलेल्यांपेक्षा लांब आहेत. जो अधिक वेगाने जाईल तो आघाडीवर पोहोचतो, तेथे त्याच्यासारख्याशीच त्याची जोडी जमते आणि पुढची पिढी आणखी चपळ निपजते. २००१ मध्ये भेक काकाडू राष्ट्रीय उद्यानात शिरले आणि २००९ मध्ये त्यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियाची सीमा ओलांडली.

जेथे जेथे ते पोहोचले, तेथे त्यांना खाणारे प्राणी मृत्युमुखी पडले. क्वोल हा मांजराहून लहान, ठिपकेदार अंगाचा, पिलांना पोटाशी वाढविणारा मांसाहारी प्राणी. काकाडूमधून तो जवळजवळ दिसेनासा झाला. त्याचा वंश राहावा म्हणून २००३ साली काही क्वोल भेक नसलेल्या बेटांवर हलविण्यात आले. घोरपडी आणि गोड्या पाण्यातील मगरी यांचीही अनेक ठिकाणी हीच गत झाली.

येथे भारतीय वाचकाने लक्षात घेण्याजोगी एक गोष्ट आहे. आशिया आणि आफ्रिका या खंडांतील घोरपडी भेकाचे विष सहन करू शकतात. त्यांचे पूर्वज लक्षावधी वर्षे भेकांच्या सहवासात वाढले आणि त्यांच्या शरीरात या विषाला दाद न देण्याचा गुण उतरला. ऑस्ट्रेलियात मात्र एकही देशी भेक नव्हता, म्हणून तेथील घोरपडीत तो गुण टिकला नाही. तिला भेक हे नेहमीच्या बेडकासारखेच भक्ष्य वाटले आणि तोच तिचा अखेरचा घास ठरला. नात्याने एकाच कुळातील दोन प्राणी. एकाला जे अन्न, तेच दुसऱ्याला विष. हे अंतर सहवासाने निर्माण झाले आहे आणि सहवास काही जहाजातून आणता येत नाही.

ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ स्वस्थ बसलेले नाहीत. मळमळ आणणारे औषध भेकाच्या मांसात मिसळून ते क्वोलला खाऊ घालण्याचा प्रयोग त्यांनी केला. एकदा पोट ढवळले की तो प्राणी पुन्हा भेकाच्या वाटेला जात नाही. अशाच प्रकारे पश्चिम ऑस्ट्रेलियातील किंबर्ली भागात आदिवासी वनरक्षकांच्या साहाय्याने गोड्या पाण्यातील मगरींना ‘धडा’ देण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. भेकाच्या विषाकडे त्याचीच पिले आकर्षित होतात, या शोधावरून तळ्यांत लावण्याचे सापळेही तयार झाले. निसर्गाचीही काही साथ मिळते. तेथील मांसाहारी मुंग्या कोवळ्या भेकपिलांवर तुटून पडतात, तर पाण-उंदीर भेकाला उताणे करून विषग्रंथी टाळतो आणि काळीज तेवढे काढून खातो. किंबर्लीच्या दक्षिणेस असलेल्या रुक्ष पट्ट्यातील गुरांची कृत्रिम पाणवठ्याची ठिकाणे भेकांना बंद करून त्यांची आगेकूच रोखावी, अशी योजनाही पुढे आली आहे. परंतु शंभर भेक आणावयास एक पेटी पुरली होती; आता ते थोपवावयास एक वाळवंट पुरेल की नाही, याची चिंता आहे.

आपलाच भेक, परके बेट

ही सर्व कथा ऐकून परदेशी भेक तेवढा दुष्ट आणि आपला तेवढा सज्जन, असा समज होण्याचा संभव आहे. तो दूर करणारी घटना मादागास्कर बेटावर घडली. २०१४ साली तेथील तोआमासिना या बंदराच्या परिसरात एक नवा भेक आढळल्याचे जाहीर झाले. तो होता आशियाई सामान्य भेक, म्हणजेच आपल्या न्हाणीघरापाशी बसणाऱ्या भेकाच्याच जातीचा! जनुकीय तपासणीवरून तो कंबोडिया-व्हिएतनामच्या बाजूने गेला असावा असे दिसते. मादागास्करमध्येही देशी भेक नव्हते. तेथील बहुतेक भक्षक प्राण्यांना त्याचे विष पचणार नाही, असे संशोधनातून दिसून आले आणि त्याचे समूळ उच्चाटन अशक्यप्राय मानले गेले.

याहून जवळचे उदाहरण आपल्याच देशात आहे. भारताच्या मुख्य भूमीवरील मोठा पिवळा बेडूक, जो पावसाळ्यात शेतांतून डराव डराव करीत असतो, तो अंदमान बेटांवर मूळचा नव्हे. मत्स्यबीजाबरोबर आणि माणसांच्या हातून तो तेथे पोहोचला. त्याची पिले तेथील देशी बेडकांची पिले फस्त करतात आणि मोठे बेडूक कोंबड्यांची पिले व तळ्यांतील मासे गिळतात, अशी तेथील रहिवाशांची तक्रार आहे. महाराष्ट्राच्या शेतात हाच बेडूक किडे खाऊन शेतकऱ्याला मदत करतो. प्राणी तोच, परंतु जागा बदलली की भूमिका बदलते.

म्हणूनच आपल्या अंगणातील देशी भेकाला या कथेचे निमित्त करून मारणे, हा मोठाच अन्याय होईल. तो येथे पाहुणा नव्हे, घरचाच आहे. त्याला खाणारे साप आणि घोरपडी येथे आहेत, त्यामुळे त्याची संख्या आपोआप मर्यादेत राहते. रात्रभर तो किडे, मुंग्या, वाळवी टिपतो. त्याला फडक्याने अथवा सुपलीने अलगद उचलून बांधावर सोडले म्हणजे झाले.

दोष आयातीचा की अविचाराचा?

किडीवर किडीचा शत्रू सोडणे ही कल्पना मुळातच चुकीची आहे काय? तसे म्हणता येणार नाही. ज्या क्वीन्सलंडमध्ये भेकाने अनर्थ केला, त्याच क्वीन्सलंडमध्ये निवडुंगाने व्यापलेली लक्षावधी एकर जमीन एका पतंगाने मोकळी केली होती. अर्जेंटिनातून आणलेला हा पतंग १९२६ पासून सोडण्यात आला. त्याच्या अळ्या निवडुंगच खातात, ही खात्री आधी करून घेण्यात आली होती. कृतज्ञतेपोटी शेतकऱ्यांनी बूनार्गा येथे त्या पतंगाच्या नावाने सभागृह बांधले. दहा वर्षांच्या आत त्याच राज्याने भेक आणला. परंतु तो काय खातो आणि काय खात नाही, त्याला कोण खाईल, तो न मरता पसरला तर काय, हे प्रश्न विचारण्याचा धीर त्या वेळी धरला गेला नाही. पतंग एकाच वनस्पतीशी बांधलेला होता. भेक कशाशीच बांधलेला नव्हता.

महाराष्ट्रालाही आगंतुकांचा अनुभव आहे. गाजर गवत १९५० च्या दशकात पुण्यात दृष्टीस पडले आणि पुढे देशभर पसरले. त्यावर उपाय म्हणून मेक्सिकोतील एक भुंगा आणण्यात आला. तो बंदिस्त प्रयोगशाळेत निरनिराळ्या पिकांवर पारखून १९८४ मध्ये बंगळूर येथे सोडण्यात आला. पुढे काही ठिकाणी तो सूर्यफुलावर दिसताच चौकशीही झाली. आधी पारखावयाचे आणि सोडल्यावरही नजर ठेवावयाची, ही रीत जेथे पाळली जाते तेथे भेकाची पुनरावृत्ती टळते. २०२२ च्या खरिपात मराठवाड्यातील सोयाबीनची कोवळी रोपे शंखी गोगलगायींनी फस्त केली, तेव्हा आगंतुक प्राणी म्हणजे काय, हे शेतकऱ्यांना नव्याने सांगावे लागले नाही.

आगंतुक जीवजातींमुळे जगाचे २०१९ साली ४२३ अब्ज डॉलरहून अधिक नुकसान झाले, असा अंदाज ‘आयपीबीईएस’ या आंतरशासकीय संस्थेने २०२३ मध्ये जाहीर केला. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने अशा आगंतुक जीवजातींची आयात, व्यापार व बाळगणे यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र शासनास मिळाला आहे. तथापि कायदा बंदरावर आणि विमानतळावर पहारा करील. घराच्या मागील दारी पहारा करावयाचा तो नागरिकांनीच.

तैवानमधील उदाहरण याबाबतीत मार्गदर्शक ठरावे. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये तेथील त्साओतुन या गावी वस्तीजवळच्या भाजीच्या वाफ्यांत वेगळाच भेक असल्याचे लक्षात आले. तो ‘केन टोड’ निघाला. पाळण्यासाठी आणलेल्यांपैकी तो असावा, असा तर्क आहे. खबर मिळताच स्वयंसेवक व अभ्यासक रात्री विजेऱ्या घेऊन बाहेर पडले आणि शेकडो भेक गोळा करण्यात आले. क्वीन्सलंडला जी सावधगिरी उशिरा सुचली, ती येथे वेळीच दाखविली गेली.

आपल्या घरापुरते कर्तव्य फार अवघड नाही. हौसेखातर परदेशी कासव, मासा, सरडा अथवा बेडूक घरी आणण्यापूर्वी तो किती वाढतो आणि किती वर्षे जगतो, याचा विचार करावा. तो नकोसा झाल्यास दया म्हणून तळ्यात, नदीत वा रानात सोडून देऊ नये. ती दया नव्हे. मत्स्यबीज, रोपे व माती दूरच्या ठिकाणाहून आणताना त्यांबरोबर दुसरे काही येत नाही ना, हे पाहावे. परिसरात पूर्वी कधी न दिसलेला प्राणी आढळल्यास त्याला न मारता, न हाताळता छायाचित्र घ्यावे आणि वन विभागास अथवा जवळच्या कृषी विद्यापीठास कळवावे.

गॉर्डनव्हेलला भेक आणणारी माणसे दुष्ट नव्हती. ती संकटात सापडलेल्या शेतकऱ्याला मदत करू पाहत होती आणि घाईत होती. आज क्वीन्सलंडमध्ये जन्मणाऱ्या मुलाला कुत्र्याचे तोंड कसे धुवावे हे शिकावे लागते, ते त्या घाईमुळे. हुमणी तर आपल्या शेतातही आहे आणि तिच्यावरचा झटपट इलाज सुचविणारे उद्याही भेटतील. तेव्हा त्यांना एवढे अवश्य विचारावे: हा पाहुणा परत कसा जाणार?